मालवाहू ट्रकचा एअर फिल्टर : बाहेरचा घ्यावा काय?

जुन्नर, पुरंदर, दौंड व इंदापूर या तालुक्यांतून पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात भाजीपाला, फळे व कांदा घेऊन येणाऱ्या ट्रक-टेम्पोंपैकी कित्येक शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीचे असतात. पुष्कळदा त्यांवर कर्जाचा बोजाही असतो. अशा वाहनाच्या इंजिनाचे काम निघाले, तर दुरुस्तीचा खर्च होतोच, शिवाय ऐन तोडणीच्या दिवसांत माल शेतात अडकून पडतो. म्हणून एअर फिल्टर बदलतेवेळी वाहन कंपनीचा घ्यावा की बाजारातील बाहेरचा, याचा विचार शेतकरी बंधूंनी नीट करणे अगत्याचे आहे.

धुळीपासून होणारी हानी

एक लिटर डिझेल जळण्यास किमान दहा हजार लिटर हवा लागते. शेतातील कच्च्या वाटेवर किंवा उसाच्या फडात या हवेबरोबर बारीक वाळूचे कण येतात. काही मायक्रॉन आकाराचे, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढे हे कण डोळ्यांस दिसत नाहीत. परंतु पिस्टन रिंग व लायनर यांमध्ये शिरल्यावर ते कानशीप्रमाणे धातू घासतात. पुढे इंजिन ऑइल जाळू लागते, निळसर धूर येतो आणि ओढ कमी होते. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोची पातीही झिजतात.

बाजारात मिळणारे प्रकार

पुण्यात नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात बाहेरचे फिल्टर सामान्यतः तीन प्रकारचे आढळतात.

पहिला प्रकार नामांकित फिल्टर उत्पादकांचा. हे उत्पादक पुष्कळदा वाहन कंपन्यांनाही माल पुरवितात. आपल्या वाहनाच्या मॉडेलसाठीच बनविलेला असा फिल्टर पक्क्या पावतीसह घेण्यास हरकत नाही.

दुसरा प्रकार स्वस्त लोकल किंवा डुप्लिकेट मालाचा. त्याच्या कागदाच्या घड्या विरळ व वेड्यावाकड्या असतात आणि रबरी कड घट्ट बसत नाही. कडेच्या फटीतून आलेली हवा गाळलीच जात नसल्यामुळे अशा फिल्टरची स्वस्ताई अखेरीस महागात पडते.

तिसरा प्रकार धुऊन पुन्हा वापरावयाच्या, तेल लावलेल्या सुती जाळीच्या महाग फिल्टरचा. तो धुणे, पूर्ण वाळविणे व योग्य प्रमाणात तेल लावणे ही कामे काटेकोरपणे करावी लागतात. तेल कमी पडल्यास धूळ आत जाते. अधिक झाल्यास हवा मोजणाऱ्या सेन्सरवर ते बसण्याचा संभव असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या वाहनांत सेन्सरांवर बरेच काही अवलंबून असल्याने ही बाब विशेष लक्षात घ्यावी.

शक्ती व डिझेल-बचतीचे दावे

महाग फिल्टरने शक्ती वाढते व डिझेल वाचते, असे विक्रेते सांगतात. डिझेल इंजिनाची शक्ती मुख्यतः पंप किती डिझेल सोडतो यावर ठरते आणि हवा सहसा गरजेपेक्षा अधिकच असते. म्हणून चांगल्या स्थितीतील कागदी फिल्टर काढून अधिक मोकळा फिल्टर बसविल्याने मालवाहतुकीत जाणवण्याजोगा लाभ होत नाही. जुना फिल्टर तुंबून काळा धूर येत असेल, तर कोणताही नवा चांगला फिल्टर बसविल्यावर फरक पडतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली आधुनिक पेट्रोल मोटारींची चाचणी घेतली. तीत तुंबलेल्या फिल्टरमुळे इंधनाच्या खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र घटली. ही चाचणी पेट्रोल मोटारींची असली, तरी मोठ्या बचतीच्या दाव्यावर एकाएकी विश्वास ठेवू नये, हे तीवरून दिसून येते.

निगा कशी राखावी

१. फिल्टर वरचेवर काढून कॉम्प्रेसरची हवा मारू नये. जोराच्या हवेने कागदास बारीक छिद्रे पडतात. शिवाय कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणीस मदत करीत असतो.

२. फिल्टर तुंबल्याचा दर्शक असल्यास त्याने खूण दाखविल्यावरच, अन्यथा पुस्तिकेत दिलेल्या मुदतीस फिल्टर बदलावा. धुळीच्या मार्गावर ही मुदत कमी धरावी.

३. आतील लहान सुरक्षा-फिल्टर असल्यास तो साफ करून वापरू नये, बदलावा.

४. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. त्यावर धूळ आल्यास नळीची चीर, सैल क्लिप किंवा फिल्टरची कड तपासावी.

५. जुन्या ट्रॅक्टरांत ऑइल बाथ असल्यास तेल खुणेइतकेच भरावे व गढूळ होताच बदलावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील ट्रक व ट्रॅक्टर मालकांना एकत्र बोलावून फडक्याची ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. सारांश, नामांकित उत्पादकाचा, मॉडेलला जुळणारा कागदी फिल्टर बाहेरून घेणे योग्य होय. लोकल माल सर्वथा टाळावा. आणि महाग सुती फिल्टरवर खर्च करण्याऐवजी तोच पैसा वेळेवर फिल्टर बदलण्यास व नळ्या-क्लिपा नीट राखण्यास लावावा.