सोसायटीतला विणकामाचा वर्ग कसा चालवावा

बदलीच्या गावी नवी आलेली, मुलं परदेशी गेल्यावर एकटी पडलेली, बाळंतपणात नोकरी सुटलेली, नवरा गेल्यावर दिवसभर टीव्हीशीच बोलणारी. अशा चारजणींना एकत्र बसवायचं असेल, तर ‘मन मोकळं करायला या’ असा फलक लावून काही होत नाही. कोणी येत नाही, आणि आलीच तर दुसऱ्यांदा फिरकत नाही. ‘विणकाम शिकवतो, मंगळवारी दुपारी तीन वाजता’ असं लिहिलं की मात्र चौकशी सुरू होते.

ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं, तेव्हा तिथे शिवणकामाचेही वर्ग होते. बाईला घराबाहेर पडायला कारण लागतं, आणि ‘शिकायला जाते’ हे कारण सहसा कोणी अडवत नाही. म्हणून आपण वर्ग काढणार असाल तर तो खरोखरचा वर्ग असू द्या. मैत्री त्याच्या पोटातून येते, आधी जाहीर करून येत नाही.

सुरुवात जागेपासून करू. कोणाच्या घरी वर्ग भरवू नये. एकीने चहाबरोबर बिस्किटं ठेवली की दुसरी पोहे करते, तिसरी ढोकळा मागवते, आणि जिला हे जमत नाही ती यायची थांबते. शिवाय हॉलमध्ये सासूबाई बसलेल्या असतील तर कोण काय बोलणार? सोसायटीचं ऑफिस, वाचनालयाची खोली, देवळाचा सभामंडप, यांपैकी काहीही चालेल. उजेड भरपूर हवा आणि खुर्च्या बिनहाताच्या हव्यात, कारण हाताच्या खुर्चीत सुई चालवताना कोपर अडतं. खुर्च्या गोलात मांडा. रांगेत मांडल्या की सगळ्या फक्त शिकवणाऱ्या बाईंकडे बघतात, एकमेकींकडे नाही.

वेळ दुपारी तीन ते साडेचार. जेवणं आवरलेली असतात आणि शाळेची बस यायची असते. आठ ते बाराजणी पुरे. त्याहून जास्त झाल्या तर दोन तुकड्या करा, नाहीतर कोपऱ्यातली एखादी न बोलता येते आणि न बोलता जाते.

आता फी. पुष्कळजणी चांगल्या मनाने वर्ग फुकट ठेवतात, आणि तिथेच फसतात. फुकटच्या वर्गाला जायचं म्हटलं की घरातलं कुठलंही काम आडवं येतं. थोडी का होईना फी भरलेली असली की ‘पैसे भरलेत, जावं लागेल’ असं घरी सांगता येतं. फी ही वर्गाच्या खर्चासाठी कमी आणि त्या वाक्यासाठी जास्त असते. जिला परवडत नाही तिची फी गुपचूप माफ करा. हे शिकवणाऱ्या बाई आणि ती, दोघींतच राहू द्या.

साहित्य थोडंच लागतं. दुकानात जाऊन ‘आठ नंबरच्या सुया’ मागा. सुयांच्या या जुन्या क्रमांकात नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर जाडीची, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. नवशिकी बाई मोठा नंबर म्हणजे जाड सुई समजून चौदा नंबर घेऊन येते, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर, आणि पहिल्याच दिवशी रडकुंडीला येते. सुयांबरोबर एक क्रोशाची सुई घ्या. ती कशाला, ते पुढे येईलच.

लोकर मध्यम जाडीची आणि फिक्या रंगाची घ्यावी. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि साठीच्या डोळ्यांना तर अजिबात नाही. आपल्याकडे लुधियानाकडून येणाऱ्या गुंड्यांत बऱ्याच अॅक्रिलिकच्या असतात. अॅक्रिलिक म्हणजे लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा. स्वस्त, धुवायला सोपा, टोचत नाही. मात्र त्यावर गरम इस्त्री फिरवू नये. ताठपणा जाऊन विणलेलं कापड कायमचं लुळं पडतं.

पहिल्या दिवशी वही काढा आणि प्रत्येकीचं स्वतःचं नाव लिहून घ्या. सोसायटीत बायका फ्लॅटच्या नंबरावरून किंवा मुलांच्या नावावरून ओळखल्या जातात, इथे तसं नको. वयाप्रमाणे ताई, काकू, मावशी म्हणणं आपोआप होतं, पण आधी नाव यायला हवं. नावासमोर तिचा फोन आणि घरच्या आणखी एका माणसाचा फोन लिहा.

मग टाके घालणं, म्हणजे सुईवर धाग्याचे पहिले फास चढवणं. वीस टाके पुरेत. इथे बहुतेकींचे टाके इतके आवळलेले असतात की दुसरी सुई आत शिरत नाही. उपाय सोपा आहे: दोन्ही सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालायचे आणि मग एक सुई ओढून काढायची. पहिले काही आठवडे फक्त सुलट टाका शिकवा, सगळ्या ओळी सुलट. उलट टाका लगेच दाखवला की दोन्हींचा गोंधळ होतो.

पुढची चूक जवळजवळ प्रत्येक नवशिकीची होते. वीस टाक्यांचे आठवड्याभरात चोवीस होतात आणि चौकोनी तुकड्याची कड वेडीवाकडी पसरत जाते. कारण असं: ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे टाकला की कडेचा पहिला टाका वर ओढला जातो, एकाचे दोन दिसतात, आणि ती दोन्ही विणते. धागा सुईवरून नव्हे, सुईखालून मागे न्यायचा. आणि प्रत्येक ओळीनंतर टाके मोजायचे. मोठ्याने मोजले तरी चालेल, गोलात हसू पिकतं आणि अवघडलेपण जातं.

मधेच फोन आला, विणकाम खाली ठेवलं आणि परत घेतल्यावर कुठल्या बाजूने जायचं ते कळेना, हेही नेहमीचं. धागा ज्या सुईवरून निघालाय ती सुई उजव्या हातात धरायची, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

निसटलेला टाका हा मोठा धडा. टाका सुईवरून घसरला की खालच्या ओळींतून सुटत जातो आणि मागे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसू लागतात. ज्या बाईने दहा ओळी विणायला तीन दुपारी घालवल्यात, तिचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होतो. तिने सगळं उसवायला घेण्याआधी तिला थांबवा. क्रोशाची सुई सुटलेल्या फासात घाला, वरचा आडवा धागा पकडा, फासातून ओढून घ्या, मग त्याच्या वरचा. सगळ्या ओळी सुलट असतील तर एक पायरी पुढच्या बाजूने आणि एक मागच्या बाजूने. टाका पुन्हा सुईवर येतो. हे बाईंनी स्वतः करून देऊ नये. शेजारी बसलेलीला करायला सांगावं, गेल्या आठवड्यात जिचा निसटला होता तिला. वर्गात पहिली मैत्री बहुधा अशीच जुळते: दोन डोकी एका टाक्यावर वाकलेली असतात, आणि टाका सापडल्यावरही बोलणं थांबत नाही.

याचं कारण फार गूढ नाही. समोर बसून ‘घरी काय चाललंय’ विचारलं की कोणीही ‘सगळं ठीक’ म्हणतं. शेजारी बसलेलं असताना, हात कामात आणि नजर सुईवर असताना, उत्तर द्यायला डोळे वर उचलावे लागत नाहीत. मधे गप्प बसलं तरी ते गप्प बसणं वाटत नाही, विणणं वाटतं. २०१३ साली व्यवसायोपचाराच्या, म्हणजे रोजची कामं आणि हातांचे उद्योग यांतून माणसाला सावरायला मदत करणाऱ्या उपचाराच्या, एका ब्रिटिश नियतकालिकात निरनिराळ्या देशांतल्या ३,५४५ विणणाऱ्यांची पाहणी छापून आली. वारंवार विणणाऱ्यांनी मन शांत आणि प्रसन्न राहतं असं अधिक सांगितलं, आणि गटात विणणाऱ्यांनी लोकांशी बोलणं सुधारल्याचंही सांगितलं. विणणाऱ्यांनाच विचारल्यावर त्या विणकामाची निंदा थोडीच करणार, हे धरून चाललं तरी वर्गात दिसतं ते याहून वेगळं नाही.

एखादीचे टाके एका आठवड्यात अचानक घट्ट होऊ लागतात. बाईंच्या ते लगेच लक्षात येतं. अशा वेळी सगळ्यांसमोर ‘काय झालं गं?’ विचारू नये. एक नंबर जाड सुई पुढे करावी आणि शेजारी खुर्ची ओढावी. बोलायचं असेल तर ती बोलेल.

बोलणं सुरू झालं की वर्गाची खरी कसोटी लागते. ऐकलेली गोष्ट लिफ्टमध्ये सांगितली गेली की वर्ग संपला समजा. नियमांचा कागद भिंतीला लावून हे साधत नाही. बाईंनी एकदा, शांतपणे, सगळ्यांना सांगावं की इथलं बोलणं इथेच राहील, आणि कोणी बाहेर बोललंच तर तिला बाजूला घेऊन स्पष्ट विचारावं. दुसरा धोका सल्ल्यांचा. ‘तू ना सासूला सरळ सांग’, ‘माझ्या बहिणीने तर घटस्फोटच घेतला’ अशी सरबत्ती सुरू झाली की सांगणारी पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. ‘मग तू काय केलंस?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ होतं.

व्हॉट्सअॅपचा ग्रुप काढावा, पण त्यात फक्त विणकामाचे फोटो आणि वर्गाची वेळ. सुविचार आणि राजकारण आलं की दोन गट पडतात. साड्या, डबे, विम्याच्या पॉलिसी विकणारी एखादी येतेच. तिला पहिल्याच दिवशी नाही म्हणा.

संक्रांत आली की कोणीतरी उत्साहाने वर्गातच हळदीकुंकू करू म्हणते. करू नये. गोलात नवरा गेलेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायका असतात आणि बऱ्याचदा वर्गाची सगळ्यांत जास्त गरज त्यांनाच असते. तिळगूळ सगळ्यांना द्या, वाण म्हणून प्रत्येकीला लोकरीची एकेक गुंडी द्या, हळदीकुंकू आपापल्या घरी.

हात बसला की सगळ्यांनी मिळून एक वस्तू करायला घ्या. लहान बाळाचं दुपटं उत्तम. पंधरा सेंटिमीटरचे तीस चौकोन, पाच आडवे आणि सहा उभे, जोडले की पंचाहत्तर बाय नव्वदचं दुपटं होतं. अडचण एकच. सगळ्यांनी सारखेच टाके घातले तरी सैल हाताचा चौकोन मोठा येतो, घट्ट हाताचा लहान, आणि जोडताना रुसवे होतात. त्यावर तोड म्हणजे तिरपा चौकोन. दोन-तीन टाक्यांपासून सुरू करा, सगळं सुलट, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवत जा. कड मोजपट्टीवर पंधरा सेंटिमीटर भरली की तिथून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणून एकेक कमी करा. कोणाला जास्त टाके लागतील, कोणाला कमी, माप सगळ्यांचं एकच येईल.

वस्तू द्यायची कोणाला, हे आधी ठरवा. १९६२च्या चीन युद्धात गावोगावच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणून पाठवले होते. २०१६ साली चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या बायकांच्या गटाने ठिकठिकाणाहून आलेले क्रोशाचे तुकडे जोडून विक्रमी आकाराचं पांघरूण केलं आणि नंतर ते गरजूंना वाटलं. कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या बायकांसाठी सुती धाग्याचा, हलका, धुता येणारा कृत्रिम स्तन विणून मोफत देण्याचं कामही अमेरिकेत सुरू होऊन आता मुंबईपर्यंत आलं आहे. आपल्या जवळच्या इस्पितळाला किंवा बालगृहाला काय चालतं ते विचारून मगच विणा. नवजात बाळाच्या कपड्यांना लोंबते फिती-गोंडे नकोत, आणि भोकाभोकांची जाळीदार वीणही नको, त्यात इवलीशी बोटं अडकतात.

काही गोष्टी मात्र गोलात सुटण्यासारख्या नसतात. मारहाण होत असेल तर महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक आहे. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी केली तर ती हसण्यावारी नेऊ नका, सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक तिच्याबरोबर बसून लावा. हे दोन्ही नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सलग दोन आठवडे कोणी आली नाही तर फोन करावा, आणि तो बाईंनी नव्हे, तिच्या शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीने. ‘का आली नाहीस?’ असं विचारू नये. ‘तुझा चौकोन माझ्याकडे राहिलाय, घेऊन येऊ का?’ असं विचारावं.

वर्ग जुलैत सुरू करा, म्हणजे थंडीपर्यंत हाताशी काहीतरी विणून झालेलं असतं. गणपतीत आठवडाभर खंड पडतो, नवरात्रात आणखी थोडा, तेवढं भरून निघतं. वर्ग मोडतात ते दिवाळीत. फराळ, पाहुणे, गावाला जाणं, मग ‘बघू पुढच्या आठवड्यात’, आणि डिसेंबरात खोलीची किल्ली परत जाते. दिवाळीआधीच्या शेवटच्या मंगळवारी, सुया पिशवीत भरण्यापूर्वी, पुढच्या वर्गाची तारीख ठरवून प्रत्येकीच्या फोनमध्ये तिथल्या तिथे नोंदवून घ्या.