फायटिंग गेमची भाषा: आत्ता पाळी कोणाची?

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांनी हौसेने स्ट्रीट फायटर किंवा टेकन घेतलं, ऑनलाइन दहा मॅच खेळल्या आणि दहाही हरले. मग शिकायला व्हिडिओ लावला, तर त्यातला माणूस म्हणतो, "ही मूव्ह ब्लॉकवर मायनस आहे, जॅबने पनिश करा." आपण व्हिडिओ बंद करतो आणि ठरवून टाकतो, जाऊ दे, आपले हातच स्लो आहेत.

हात स्लो नाहीत हो. भाषा कळत नाहीये, एवढंच. आणि ती जवळजवळ सगळी भाषा एकाच प्रश्नाभोवती फिरते: आत्ता पाळी कोणाची?

सुरुवात फ्रेमपासून करू. हे गेम साधारण सेकंदाला ६० फ्रेमने चालतात. म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. प्रत्येक फटक्याचे तीन भाग असतात. कबड्डीतली चढाई डोळ्यांसमोर आणा. तुम्ही निघालात, पण हात अजून कोणाला लागलेला नाही, तो स्टार्टअप. हात लांब केला, आता लागू शकतो, तो अॅक्टिव्ह. आणि मध्यरेषेकडे परत येताय, तो रिकव्हरी. पकडायला सोपे असता ते या शेवटच्या भागात. फटका हवेतच गेला तर त्याला व्हिफ म्हणतात.

आता प्लस-मायनस. मी फटका मारला, तुम्ही तो ब्लॉक केला. आपल्या दोघांपैकी आधी मोकळा कोण होतो? तुम्ही माझ्या २ फ्रेम आधी मोकळे झालात, तर मी मायनस २. आता दोघांनीही ४ फ्रेमचा जॅब, म्हणजे सगळ्यात झटपट ठोसा, दाबला तर तुमचाच आधी लागणार. म्हणजे पाळी तुमची. तरीही मी बटण बडवत राहिलो, तर त्याला मॅशिंग म्हणतात. आणि माझा फटका सुरू होता होता तुमचा लागला, तर तो काउंटर हिट. नवीन खेळाडूंचा बराचसा मार इथेच खाऊन होतो.

मी मायनस ५ असेन तर? तुमचा ४ फ्रेमचा जॅब मला लागणारच, कारण मला ब्लॉकही करता येत नाही. हा झाला पनिश. स्ट्रीट फायटर ६ मध्ये र्‍यूचा शोर्‍यूकेन ब्लॉक झाला, तर तो २० हून जास्त फ्रेम मायनस असतो. म्हणजे तुम्हाला मोठा कॉम्बो फुकट! टेकनमध्ये नेहमीचा जॅब १० फ्रेमचा असतो, त्यामुळे तिथलं गणित वेगळं. पण प्रश्न तोच.

आता हातांच्या स्पीडचं बघू. काहीतरी दिसलं आणि बोट हललं, यात माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे १२ ते १५ फ्रेम. ४ फ्रेमचा जॅब बघून चॅम्पियनसुद्धा अडवू शकत नाही. तो ओळखतो की आता पाळी समोरच्याची आहे, आणि आधीच ब्लॉक धरतो.

२००४ च्या एव्हो स्पर्धेतली ती प्रसिद्ध क्लिप बघा. दाइगो उमेहाराच्या केनकडे नखाएवढी लाइफ उरली होती. जस्टिन वाँगने चुन-लीचा सुपर सोडला, आणि दाइगोने त्याचे १५ च्या १५ फटके पॅरी केले. त्यातली पहिली पॅरी बघून जमणारी नव्हती. सुपर येणार हा अंदाज त्याने आधीच बांधला होता. अशा अंदाजाला रीड म्हणतात.

पाळी कोणाचीच नसते, दोघं लांबून एकमेकांना जोखत असतात, तेव्हा न्यूट्रल. तुम्ही खाली पडलात आणि उठताना मी वर उभा, तेव्हा ओकी. हा जपानी शब्द ओकिझेमेचं छोटं रूप. तिथे मी फटका मारेन की थ्रो करेन? ब्लॉक फटक्याला अडवतो, थ्रोला नाही. या कोड्याला मिक्स-अप म्हणतात.

एक छोटा सापळा सांगतो. गाइडमध्ये २३६ असे आकडे दिसतील. त्या दिशा आहेत: खाली, खाली-पुढे, पुढे. पण त्या कीबोर्डच्या नंबरपॅडवरच्या, जिथे ७-८-९ वरच्या ओळीत असतात. फोनच्या डायलरवर १-२-३ वर असतात, त्यामुळे फोन बघून लावाल तर उलटंच होईल.

आज एवढंच करा. ट्रेनिंग मोडमध्ये डमीला ब्लॉक करायला लावा, फ्रेमची माहिती ऑन करा आणि तुमच्या आवडत्या तीन मूव्ह ब्लॉकवर किती प्लस किंवा मायनस आहेत ते बघा. सगळं टेबल पाठ करू नका. पुढची मॅच हरलात की फक्त विचारा, मार बसला तेव्हा पाळी कोणाची होती? उत्तर सापडायला लागलं की त्या व्हिडिओतला माणूस मराठीत बोलतोय असं वाटेल.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ब्लॉक धरून ठेवा!