विश्लेषण : नारळाचा ‘रस’ दुधाची जागा घेऊ शकतो का?

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात सोलकढीसाठी नारळाचा रस काढला जात नाही असे घर विरळाच. आता याच रसाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते आहे. दूध पचत नाही म्हणून, प्राणिजन्य पदार्थ सोडले म्हणून किंवा घरी उतरलेल्या पर्यटकाने बिनदुधाची कॉफी मागितली म्हणून नारळ, काजू, तीळ यांचे ‘दूध’ घरी काढण्याकडे कल वाढला आहे. ते कसे निघते, त्यात नेमके काय असते आणि मुलांच्या पेल्यात ते दुधाऐवजी ओतावे का, याचा हा आढावा.

बियांतून ‘दूध’ निघते कसे?

बी म्हणजे कोंबासाठी साठवलेली शिदोरी. नारळातले पांढरे खोबरे हाही बीचाच साठा. काजूगर, तीळ, शेंगदाणे, सोयाबीन यांत स्निग्धांश आणि प्रथिने एकत्र असतात. पाण्याबरोबर वाटल्यावर तेलाचे बारीक थेंब सुटे होतात आणि प्रथिने त्यांच्याभोवती आवरण धरतात. त्यामुळे तेल लगेच वर तरंगत नाही आणि पाणी दुधासारखे पांढरे दिसते. तांदूळ किंवा ओट्समध्ये मात्र पिष्टाचा भाग जास्त, म्हणून त्यांचे ‘दूध’ तापवले की पेजेसारखे घट्ट होते.

मालवणी घरात रस कसा काढतात?

नारळाचा ताजा चव वाटीभर कोमट पाणी घालून वाटायचा आणि फडक्यातून पिळायचा. हा पहिला, दाट रस. उरलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून वाटले की दुसरा, पातळ रस मिळतो. पाणी कोमट घेण्यामागे कारण आहे. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. गार पाण्यात स्निग्धांश नीट सुटत नाही. फ्रीजमध्ये ठेवलेल्या रसावर घट्ट थर येतो तोही याचमुळे. तो खराब झाल्याचे लक्षण नव्हे.

रस खळखळून उकळला तर प्रथिनांचे आवरण तुटते आणि रस फुटतो. म्हणून पातळ रस आधी शिजवायला वापरून दाट रस शेवटी, मंद आचेवर घालण्याची पद्धत पडली. सोलकढी तर उकळतच नाहीत. शिरवाळ्यांसोबतचा किंवा खापरोळीवरचा रस गूळ-वेलची घालून न उकळताच वाढतात. कॉफीत घालतानाही हेच सूत्र : कॉफी थोडी निवू द्यावी आणि रस शेवटी घालावा.

काजू, तीळ, सोयाबीनचे काय?

सिंधुदुर्गात काजूची पाकळी किंवा तुकडा अख्ख्या गरापेक्षा स्वस्त मिळतो आणि या कामाला तो पुरेसा आहे. ५० ग्रॅम तुकडा चार तास भिजवून, ते पाणी टाकून, अर्धा लिटर ताज्या पाण्यात बारीक वाटावा. गाळण्याची फारशी गरज पडत नाही. मात्र ओले काजू घरी फोडताना सावध राहावे. टरफलातला डीक त्वचेला भाजतो आणि तो गराला लागलेला असेल तर तोंडही येते. सोललेला, साफ केलेला गरच वापरावा.

तीळ सहा ते आठ तास भिजवून वाटावेत. सालीचे तीळ कडवट लागतात, म्हणून साल काढलेले बरे. सोयाबीनचे दूध कच्चे कधीच पिऊ नये. पचनात अडथळा आणणारे घटक नष्ट होण्यासाठी ते चांगले उकळावे लागते. शेंगदाणे आणि खोबरे यांना कोकणातल्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. बुरशीचा वास किंवा डाग दिसला तर तेवढाच भाग काढून उरलेले वापरणे धोक्याचे. सगळेच टाकावे.

पोषणात फरक किती?

कळीचा प्रश्न हाच. गायीच्या २०० मिलिलिटर दुधात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिने आणि २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वर सांगितल्याप्रमाणे काढलेल्या काजूच्या दुधाच्या तेवढ्याच पेल्यात प्रथिने साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम दहा मिलिग्रॅमहूनही कमी. नारळाच्या दाट रसात १०० ग्रॅममागे स्निग्धांश २० ग्रॅमच्या वर जातो, पण प्रथिने दोन-सव्वादोन ग्रॅम आणि कॅल्शियम १६ मिलिग्रॅमच्या घरात. पाणी घालून पातळ केल्यावर आकडे आणखी उतरतात. तिळात कॅल्शियम भरपूर, पण त्याचा मोठा वाटा सालीत असतो आणि तिथल्या ऑक्झलेटमुळे ते शरीराला पूर्ण मिळत नाही. प्रथिनांत दुधाच्या जवळ जाते ते सोयाबीनचे दूध.

बाजारातल्या पाकिटबंद पेयांत अनेकदा कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे वरून घातलेली असतात. घरी काढलेल्या दुधात ती नसतात.

मग मुलांना द्यायचे का?

वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या शिशुआहाराऐवजी असे कोणतेही दूध देऊ नये. बाळ जेवू लागल्यावर भातात किंवा खिरीत थोडा रस घालणे वेगळे आणि दुधाची बाटली रसाने भरणे वेगळे. पोट भरते, पण वाढीला लागणारे मिळत नाही. त्यापुढच्या वयातही मुलाचे दूध पूर्ण बंद करायचे असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. काजू आणि तिळाची ॲलर्जी तीव्र असू शकते, हेही लक्षात ठेवावे.

ज्या मोठ्यांना दूध पचत नाही, त्यांच्यात अनेकदा दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे विकर कमी झालेले असते. अशांना दही, ताक बऱ्याचदा सोसते. ते खाऊन पाहावे. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर मात्र दही-ताकही वर्ज्य.

दूध सुटले तर कॅल्शियम कुठून आणायचे? नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. मासे खाणाऱ्यांना काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली किंवा सुका जवळा उपयोगी पडतो. प्राणिजन्य सगळेच सोडणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्वासाठी वैद्यकीय सल्ल्याने गोळी घ्यावी.

रस किती वेळ टिकतो?

किनाऱ्यावरच्या उकाड्यात बाहेर ठेवलेला रस काही तासांतच आंबतो. काढला की लगेच वापरावा किंवा झाकून फ्रीजमध्ये ठेवावा आणि एक-दोन दिवसांत संपवावा. चोथ्याची चटणी होते.

‘दूध’ म्हणून विकता येते का?

भारतात कायद्याने दूध म्हणजे जनावराचेच. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ मध्ये वनस्पतीजन्य पेयांवर ‘मिल्क’ लिहिण्यास हरकत घेतली. कोकोनट मिल्क, पीनट बटर अशी जगभर रुळलेली नावे त्यातून वगळली. युरोपीय न्यायालयानेही २०१७ मध्ये असाच निकाल दिला, काही पारंपरिक नावांचा अपवाद ठेवून. घरगुती स्वरूपात विक्री करायची तरी प्राधिकरणाकडे नोंदणी लागते.

मालवणी स्वयंपाकघरात याला पूर्वीपासून ‘रस’च म्हणतात. पाहुण्याच्या कॉफीत, सोलकढीत, शिरवाळ्यांवर तो जरूर घालावा. मुलाच्या पेल्यातले दूध मात्र केवळ नाव सारखे आहे म्हणून बदलू नये.