गाडी मागे घेताना : सूचक यंत्रणेतील दोष कसे ओळखावेत ?

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणाऱ्या महामार्गावर, आंबा घाटाच्या अलीकडे, शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे गाव लागते. या भागात पावसाळा दीर्घ आणि जोराचा असतो. आडवाटेने जाऊन आलेल्या गाडीचा मागचा भाग चिखलाने माखून निघतो. नेमक्या याच भागात, बंपरमध्ये, गाडी मागे घेताना चालकाला सावध करणारे संवेदक बसविलेले असतात. अरुंद गल्ली, बाजाराची गर्दी, शाळेचे आवार अथवा आरोग्य केंद्राचे अंगण अशा ठिकाणी या संवेदकांवर बरेच काही अवलंबून असते. म्हणूनच त्यांचे कार्य आणि त्यांत उद्भवणारे दोष यांची माहिती प्रत्येक वाहनधारकास असणे अगत्याचे आहे.

१ जुलै २०१९ पासून देशात तयार होणाऱ्या नव्या मोटारगाड्यांमध्ये अशी मागील सूचक यंत्रणा बसविणे केंद्र शासनाने बंधनकारक केले. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांमध्ये ती नंतर बाहेरून बसवून घेतलेली आढळते.

कार्य कसे चालते ?

दरीच्या काठावरून हाक दिली की समोरच्या कड्यावर आपटून ती परत येते. कडा जितका दूर, तितका प्रतिध्वनी उशिरा. संवेदकाचे तत्त्व हेच होय. त्यातील लहानशी चकती विजेच्या योगाने कंप पावते व सेकंदाला ४० हजार किंवा त्याहून अधिक कंपनांचा ध्वनी सोडते. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २० हजार कंपनांची असल्याने तो आपणास ऐकू येत नाही. दीड मीटरवरील भिंतीवर आपटून हा ध्वनी परत येण्यास सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम नऊपट वेळ लागतो. तो मोजून नियंत्रक पेटी अंतर ठरविते आणि अंतर कमी होईल तशी घंटी जलद वाजू लागते. ध्वनी सोडणारी व प्रतिध्वनी टिपणारी चकती एकच असल्यामुळे तिच्यावर चिखल वा पाण्याचे थेंब साचले, की कारण नसताना घंटी वाजते, किंवा प्रतिध्वनी टिपलाच जात नाही.

तपासणीचा क्रम

दोष शोधताना सोप्याकडून अवघडाकडे जावे. प्रथम साध्या पाण्याने व मऊ फडक्याने सर्व संवेदक स्वच्छ करावेत. पाण्याचा जोराचा झोत अगदी जवळून मारू नये. बंपर सैल झाला आहे काय, संवेदक आत दबला किंवा तिरका झाला आहे काय, त्यावर रंगाचा जाड थर चढला आहे काय, हे पाहावे. मागे नव्याने लावलेली लोखंडी नळी किंवा वाकलेली क्रमांकपट्टीही खोटी सूचना देऊ शकते. अनेक तक्रारी येथेच मिटतात.

यंत्रणा मुळीच बोलत नसेल, तर गाडी मागे घेताना लागणारा पांढरा दिवा पेटतो काय ते पाहावे. बाहेरून बसविलेल्या यंत्रणेला बहुधा याच दिव्याच्या तारेतून वीज मिळते. दिवा पेटत नसल्यास फ्यूज व गिअरचा स्विच तपासावा.

एखाद्याच संवेदकाविषयी शंका असेल, तर गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा व चाकांना दगड लावावेत. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवावी आणि रिव्हर्स गिअर टाकावा. दुसऱ्या व्यक्तीने बाजूला राहून प्रत्येक संवेदकाजवळ कान न्यावा. चालू संवेदकातून बहुधा बारीक टिकटिक ऐकू येते, बोटाला सूक्ष्म कंप जाणवतो. इतर बोलत असता एकच मुका असेल, तर संशय त्याच्यावर येतो.

तथापि दोष संवेदकाचा की तारेचा, हे अद्याप ठरत नाही. त्यासाठी किल्ली बंद करून, एकाच प्रकारचे असल्यास, शेजारच्या दोन संवेदकांची अदलाबदल करावी. दोष संवेदकाबरोबर नव्या जागी गेला, तर संवेदक बदलावा. तो जुन्याच जागी राहिला, तर तार, जोडणी किंवा नियंत्रक पेटी सदोष आहे, असे समजावे. ओलाव्याने जोडणीच्या पिनांवर हिरवट गंज चढणे हे पावसाळी भागातील नेहमीचे कारण होय. या क्रमाने गेल्यास चांगला सुटा भाग विनाकारण बदलण्याचा खर्च टळतो. कंपनीने बसविलेल्या यंत्रणेत गाडीच्या संगणकात नोंदलेला दोषांकही कार्यशाळेत वाचता येतो.

मौनाचा अर्थ

घंटी वाजत नाही, याचे अर्थ दोन : मागे काही नाही, किंवा यंत्रणाच बंद आहे. गाडीत बसलेल्या चालकास हे दोन्ही सारखेच वाटतात, आणि खरा धोका येथेच आहे. शिवाय चांगल्या स्थितीतील संवेदकालाही बारीक खांब, ताणलेली तार, बंपरखालील दगड, उघडे गटार ही दिसतीलच असे नाही. जाड मऊ कपडे ध्वनी शोषून घेतात. बंपरला अगदी खेटून बसलेले मूलही निसटू शकते.

यास्तव शाळा, ग्रामपंचायत व आरोग्य केंद्रांच्या वाहनांची अशी तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात ठराविक काळाने व्हावी. गाडी मागे घेण्यापूर्वी चालकाने एकदा खाली उतरून मागे पाहावे, आणि शाळेच्या आवारात तर कोणी तरी बाजूला उभे राहून इशारा द्यावा. यंत्र हे चालकाचे साहाय्यक आहे. पाहण्याची जबाबदारी मात्र चालकाचीच राहते.