एका पाणबुडीकाराची उपेक्षा

विजेच्या बळावर पाण्याखालून चालणारी आणि टॉर्पेडोही सोडणारी पहिली नौका सिद्ध करण्याचें श्रेय आम्ही इझाक पेराल या स्पॅनिश आरमारी अधिकाऱ्यास देतों. १८५१ सालीं कार्ताखेना येथें जन्मलेल्या या गृहस्थाची पाणबुडी ८ सप्टेंबर १८८८ रोजीं कादिझजवळच्या गोदींत पाण्यांत उतरली. लांबी सुमारें ७२ फूट. पोटांत विजेच्या बॅटऱ्या व दोन मोटारी, नाकाशीं टॉर्पेडोची नळी. १८९० सालच्या चांचणींत ती तासभर पाण्याखालीं राहिली. लोकांनीं पेरालला डोक्यावर घेतलें. वरिष्ठांनीं मात्र तिच्या उणिवांवर बोट ठेवून योजनाच मोडीत काढली. १८९१ सालीं त्यानें आरमार सोडलें; १८९५ मध्यें बर्लिन येथें अवघ्या ४३ व्या वर्षीं त्याचा अंत झाला.

पुढें १८९८ सालीं अमेरिकेशीं झालेल्या युद्धांत स्पेनचीं आरमारी दळें मनिला व सांतियागो येथें नष्ट झालीं. ती एक नौका असती तर हें टळतें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गणित चुकलें म्हणून कोणी विद्यार्थ्याची पाटी फोडीत नाहीं. चूक दाखवून तें पुन्हां मांडावयास लावतात. ही साधी रीत पेरालच्या वांट्यास आली नाहीं.

२०२३ सालीं स्पेनच्या आरमारांत दाखल झालेल्या पाणबुडीस त्याचेंच नांव आहे. हा गौरव योग्यच. पण गुणी माणसास तो जिवंतपणीं लाभावा, हें अधिक योग्य.