‘मस’ने शेवट होणारे शब्द

आपल्या घरातील शाळकरी मुलांना ‘ख्रिसमस’ हा इंग्रजी शब्द तोंडपाठ असतो. परंतु त्याच्या अखेरची ‘एम, ए, एस’ ही तीन अक्षरे कोठून आली, हे सहसा कोणी विचारीत नाही. ती अक्षरे म्हणजे आपली मिस्साच होय! लॅटिन उपासनेच्या अखेरीस भाविकांना निरोप देण्याचे जे वचन आहे, त्यातील हा शब्द. पोर्तुगीजांकडून तो आपल्याकडे आला, आणि तोच इंग्लंडात सणांच्या नावांना जडला. ख्रिस्ताची मिस्सा ती ख्रिसमस.

या शब्दाची भावंडे आता बहुधा कोशातच भेटतात. २ फेब्रुवारीस मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, तो ‘कँडलमस’. १ ऑगस्टचा ‘लॅमस’ म्हणजे मुळात पावाची मिस्सा. नव्या गव्हाचा पहिला पाव त्या दिवशी देवळात आणीत. गोव्यात ऑगस्ट महिन्यात भाताची पहिली कणसे वेदीपाशी नेतात, त्यामागील कृतज्ञता हीच. २९ सप्टेंबरचा ‘मिकलमस’ हा महादूत मायकलचा सण. कुळे त्या दिवशी खंड भरीत. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पहिले सत्र आजही हे नाव धारण करते. ११ नोव्हेंबरच्या ‘मार्टिनमस’ला हिवाळ्याच्या बेगमीसाठी जनावरे कापून मांस मिठात घालीत. २८ डिसेंबरचा ‘चिल्डरमस’ हा हेरोदाने मारविलेल्या निष्पाप बालकांचा स्मरणदिन. ‘चिल्डर’ हे मुलांचे जुने अनेकवचन. त्या दिवशी नवे काम आरंभणे लोक अशुभ मानीत.

पुढे १५५९ साली इंग्लंडात कायद्याने मिस्साबलिदान बंद झाले. यॉर्क शहरातील एका खाटकाची पत्नी मार्गारेट क्लिदरो हिने धर्मगुरूंना घरात आश्रय दिला. त्या आरोपावर न्यायालयात उत्तर देण्यास तिने नकार दिला, म्हणून १५८६ साली तिला वजनाखाली चिरडून ठार करण्यात आले. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला संतपद दिले. कट्टर प्युरिटनांना तर ‘मस’ हा उच्चारही सोसवेना. कित्येकांनी सणाचे नावच बदलून टाकले, आणि १६४७ साली पार्लमेंटने नाताळचा सणच रद्द केला. तरीही शब्द मेला नाही. राजाज्ञेपेक्षा आजीच्या तोंडची भाषा चिवट ठरली.

पण वाचकहो, नुसता शब्द उरून भागते काय? मिकलमसला खंड मोजणाऱ्या कित्येक शेतकऱ्यांना त्या नावात दडलेली मिस्सा पुढे ऐकूही येईनाशी झाली. कवच राहिले, गर हरवला. आपला ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला, आणि त्याचा अर्थ आहे जन्म. दिवे, करंज्या आणि नवे कपडे यांच्या गर्दीत तो कोणाचा जन्म, हे मुलांना सांगावयाचे राहून जाऊ नये. मार्गारेटने ज्यासाठी प्राण दिले, ते आपल्याला दर रविवारी घराजवळच्या देवळात विनासायास लाभते. या रविवारी देवळाची वाट चालताना लेकरांना ‘मस’ची ही कथा अवश्य सांगावी, असे आम्हांस वाटते.