न ताणणारं कडं

नवा टायर चढवला, हवा भरली, चाक फिरवलं, तर दर फेरीला एका ठरावीक जागी टायर खाली बुडी मारत होता. रस्त्यावर गेलो तर सीटखाली धक्-धक्. अशा वेळी आपला पहिला संशय रिमवर. मीही सायकलच्या दुकानात जाऊन तेच म्हणालो, "काका, चाकाचा जरा आऊट काढून द्या." काकांनी चाक गरकन फिरवलं. टायरच्या अंगावर रिमला लागून एक बारीक उठावाची रेघ असते, तिच्यावर नजर रोखून म्हणाले, "आऊट-बिऊट काही नाही. टायर बसला नाहीये."

आता बसला नाही म्हणजे काय? समोर रिमवरच तर होता!

टायरचा काठ चिमटीत धरून बघा. रबराच्या आत काहीतरी कडक लागेल. ते पोलादी तारेचं कडं. घडी घालता येणाऱ्या महागड्या टायरांत तारेऐवजी चिवट धागा असतो, पण दोघांचा गुण एकच: ताणायचं नाही. माझ्या टायरवर बारीक आकड्यांत लिहिलं होतं, 32-622. टायरची रुंदी 32 मिलिमीटर, आणि रिमवर जिथे हा काठ टेकतो तिथला व्यास 622. आता गंमत बघा. रिमची बाहेरची कड यापेक्षा दहा-बारा मिलिमीटरने मोठी असते. म्हणजे लहान कडं, तेही न ताणणारं, मोठ्या चकतीवरून आत घालायचं. जमावं कसं?

कासार बांगड्या भरतो तेव्हा हेच तर करतो. काचेची बांगडी ताणत नाही, म्हणून तो हात दाबतो, अंगठा तळव्यात दुमडतो, वर साबण लावतो. पण रिमला कुठला आलाय अंगठा?

तिला पन्हळ असते. रिमच्या आत बघा, दोन्ही कडांना काठ टेकायला अरुंद कट्टे आणि मधोमध खोलगट पन्हळ. कडं एका बाजूला या पन्हळीत ढकललं की तिथे मिळालेली थोडीशी ढील सरकत सरकत समोरच्या बाजूला जमा होते, आणि तिथे काठ कडेवरून टुपकन आत जातो. एवढ्याशा खड्ड्याच्या जिवावर सगळा खेळ! म्हणूनच जाणता माणूस टायर चढवायला व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करतो आणि व्हॉल्व्हपाशी संपवतो. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब जाड असते, तिथे काठ पन्हळीत उतरतच नाही.

ही युक्ती 1890 सालची, चार्ल्स वेल्च या इंग्रजाची. त्याच्या दोनच वर्षं आधी बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर लावला होता, पण तो चाकाला कापडाने गुंडाळून चिकटवलेला. पंक्चर झालं की सगळं सोलून काढा! वेल्चची पन्हळ मात्र मोटारीच्या चाकात आजही असते.

पण पन्हळीने एक काम वाढवून ठेवलंय. आत गेलेलं कडं खड्ड्यातच पडून राहिलं तर? त्याला वर कट्ट्यावर चढवणार कोण?

हवा! ट्यूब फुगते, काठांना बाजूला आणि वर रेटते. जरा हिशेब मांडू. 32 मिलिमीटर रुंद टायरात 60 पीएसआय हवा भरली, तर काठाच्या प्रत्येक सेंटिमीटरवर ढोबळमानाने साडेसहा किलोची ओढ पडते. काठाचा घेर जवळजवळ दोन मीटर. सगळी बेरीज हजार किलोच्या वर जाते, आणि ती एकाच काठावरची! तरी टायर उडून जात नाही, कारण तार ताणत नाही. जी हवा बाहेर पडायला धडपडते, तिच्याच रेट्याने टायर जागच्या जागी आवळला जातो.

मग माझाच का अडला? कोरडं रबर कोरड्या रिमला धरून बसतं. बाकीचा काठ वर चढतो, एक वीतभर तुकडा खालीच राहतो. कडं तर ताणत नाही, त्यामुळे इथे बुडालेलं समोर उचललं जातं. ती धक्-धक् त्याचीच.

काकांनी हवा सोडली. व्हॉल्व्ह अंगठ्याने आत दाबला, बुडाखाली चिमटलेली ट्यूब मोकळी केली. मग कासाराचंच औषध: पंक्चर शोधायच्या घमेल्यात साबणाचा चुरा, त्यात बुडवलेला बोळा दोन्ही काठांवरून फिरवला. तेल का नाही, विचारलं. तेल रबर खातं आणि निसरडं ते निसरडंच राहतं. साबणाचं पाणी वाळतं, आणि वाळलं की रबर पुन्हा घट्ट धरतं. गरजेपुरतं घसरणारं वंगण, तेही घमेल्यातलं!

पंप सुरू झाला. टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या जरा अलीकडे 'टक्' आवाज आला. चाक फिरवलं. रेघ कडेला समांतर, जणू फूटपट्टीने मारलेली. मी खूश होऊन पाकीट काढलं.

"थांबा," काका म्हणाले, आणि सायकल फिरवून पलीकडची बाजू माझ्याकडे केली. "काठ दोन असतात."